सममिती ते स्टॅकिंग : एका सरासरीची कुळकथा

दूरच्या तेजोमेघाचे किंवा दीर्घिकेचे नितळ छायाचित्र एका फ्रेममध्ये सहसा मिळत नाही. आकाशाच्या एकाच भागाच्या दहा-वीस, कधी शंभराहून अधिक फ्रेम घेतात, ताऱ्यावर तारा जुळवून त्या एकमेकींवर बसवतात आणि प्रत्येक बिंदूच्या उजेडाची सरासरी काढतात. या क्रियेला स्टॅकिंग म्हणतात. तंत्र संगणकाच्या काळातले आहे. त्यामागचा सरासरीचा नियम मात्र खानदेशाच्या ओळखीचा, आठशे वर्षांहून जुना आहे.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे इ.स. 1207 च्या सुमारास कोरलेला शिलालेख आहे. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणी’ व इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले, असे लेख सांगतो. लेख संस्कृतात आहे, पण मठाला मिळणाऱ्या उत्पन्नाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला.

‘लीलावती’ हा ‘सिद्धान्तशिरोमणी’चा पहिला भाग, ग्रंथ 1150 चा. त्यातील खातव्यवहारात, म्हणजे खड्ड्यांच्या गणितात, वेड्यावाकड्या खड्ड्याची मापे अनेक ठिकाणी घ्यावीत, त्यांची बेरीज करून ठिकाणांच्या संख्येने भागावे, असा नियम आहे. येणाऱ्या मापाला भास्कराचार्य सममिती म्हणतात. उदाहरणात लांबी 10, 11, 12 हात, रुंदी 6, 5, 7 आणि खोली 2, 4, 3 आहे. सममिती अनुक्रमे 11, 6 व 3 येतात आणि घनफळ 198 घनहात. अशी रीत त्याआधी ब्रह्मगुप्ताच्या 628 मधील ग्रंथातही आढळते. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1545 मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली आणि कळीचा मुद्दा जोडला : ठिकाणे जितकी जास्त, तितके सरासरी माप खऱ्याच्या जवळ. आजच्या शाळेत सममिती शब्दाचा अर्थ वेगळा आहे. जुन्या अर्थाची जागा फारसीतून आलेल्या सरासरीने घेतली.

आकाशाच्या छायाचित्रणात हा नियम उशिरा आला. हेन्री ड्रेपर यांनी 30 सप्टेंबर 1880 रोजी मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले, ते छायाचित्रणाची एकच काच 51 मिनिटे उघडी ठेवून. पुढे डेव्हिड मालिन यांनी अनेक काचांवरील प्रतिमा एकत्र छापून अतिमंद तपशील बाहेर काढले. 1969 मध्ये विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी ही उजेड टिपणारी चिप शोधली. तिच्यामुळे प्रत्येक बिंदूचा उजेड आकडा झाला आणि सरासरी काढणे हे संगणकाचे काम झाले. डीपस्कायस्टॅकर व सिरिल ही मोफत सॉफ्टवेअर आज तेच करतात.

खड्डा आणि तेजोमेघ यांत एक फरक आहे. खड्ड्याची रुंदी जागोजागी खरोखरच बदलते. तेजोमेघाचा उजेड तोच राहतो, मोजणी मात्र दर वेळी थोडी चुकते. या विखुरलेल्या चुकांना नॉइज म्हणतात. काही फ्रेममध्ये त्या जास्तीकडे, काहींत कमीकडे झुकतात, म्हणून सरासरीत बऱ्याचशा मिटतात. 4 फ्रेममध्ये नॉइज निम्मा होतो, 16 मध्ये पाव, 100 मध्ये एक दशांश. उपग्रहाची रेघ एखाद्याच फ्रेमवर असते. तिथला फटकून असलेला आकडा वगळून उरलेल्यांची सरासरी घेतात.

प्रत्येक फ्रेममध्ये तशीच येणारी चूक मात्र सरासरीने जात नाही. सेन्सरच्या उष्णतेचा ठसा काढण्यासाठी झाकण लावून, तेवढ्याच वेळाच्या व तापमानाच्या डार्क फ्रेम घेतात आणि त्या वजा करतात. धुळीचे डाग व कडांचा अंधार घालवण्यासाठी एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फ्लॅट फ्रेमने भागतात. मंद छटा वर उचलण्याचे काम, म्हणजे स्ट्रेचिंग, या सगळ्यानंतर येते. ते आधी केले तर तेजोमेघाबरोबर नॉइजही उजळतो.

आजचे स्टॅकिंग ‘लीलावती’तून थेट उतरलेले नाही. पण शिकणाऱ्याने पहिल्यांदा पक्के करायचे सूत्र गणेश दैवज्ञांचेच आहे : मोजण्या वाढवाव्यात.