फिरत्या घराचं वजन

मराठीत 'उलाळ' असा एक शब्द आहे. बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त माल भरला की गाडीचं पुढचं टोक वर उचललं जातं, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहतं आणि गळ्याखालचा पट्टा काचू लागतो. गाडी उलाळ झाली, असं म्हणतात ते तेव्हा. उलट सगळा भार पुढे आला तर तो बैलांच्या मानेवर बसतो आणि चढावर बैल गुडघे टेकतात. पोती तीच, वजन तेच. फरक पडतो तो आसाच्या पुढे किती आणि मागे किती यानं. गाडीवानाला हे कुणी शाळेत शिकवलेलं नसायचं. गाडी भरून झाली की तो जू हातानं उचलून बघायचा आणि दोन पोती पुढे सरकवायला सांगायचा.

मोटारहोमचा, म्हणजे चाकांवरच्या घराचा इतिहास वाचताना मला हा शब्द सारखा आठवत राहिला. हा इतिहास सहसा स्वातंत्र्याची गोष्ट म्हणून सांगितला जातो: मोकळे रस्ते, तळ्याकाठची सकाळ, घडीचा पलंग, इवलंसं स्वयंपाकघर. या सगळ्याचं वजन किती, आणि ते कोण पेलतंय, हा प्रश्न त्यात क्वचित येतो. मला मात्र तोच या इतिहासाचा कणा वाटतो.

सुरुवात घोड्यांपासून करावी लागते. ब्रिटिश आरमारातले निवृत्त डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली ब्रिस्टॉलच्या एका वॅगन कारखान्याकडून 'वाँडरर' नावाची गाडी बांधून घेतली. जिप्सी आणि सर्कसवाले गाड्यांमध्ये राहत होतेच, पण निव्वळ हौसेनं भटकण्यासाठी मुद्दाम बांधलेली ही पहिली कॅरव्हॅन मानली जाते. लांबी अठरा फूट, आत महोगनीचं काम, पुस्तकांचं कपाट. सामान भरल्यावर वजन जवळपास दोन टन आणि ओढायला दोन घोडे. इंग्लंडच्या दक्षिणेतल्या ट्वायफर्डहून ते थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेले आणि दुसऱ्या वर्षी तेराशे मैलांच्या त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिलं. त्यातला मला सर्वात आवडलेला तपशील म्हणजे त्यांचा नोकर फोली. तो तीनचाकी सायकलवर बसून गाडीच्या पुढे जायचा, रस्ता पाहून ठेवायचा आणि समोरून येणाऱ्यांना सावध करायचा. दोन टनांचं घर वाटेल तिथे थांबवता येत नाही, हे स्टेबल्सना पक्कं माहीत होतं.

घोडागाडीच्या काळात उतारावर चाकाखाली लोखंडी पट्टी अडकवायची पद्धत होती, म्हणजे चाक फिरण्याऐवजी घसटत जाई. चढावर मागच्या चाकामागे लाकडी ओंडका ठेवत, घोडे दमले तर गाडी मागे येऊ नये म्हणून. मोटार आली आणि या सावध सवयी गळून पडल्या. इंजिन दमत नाही, तक्रार करत नाही. घोडा जे अंग टाकून सांगायचा, ते सांगणारं कुणी उरलं नाही.

१९१० साली अमेरिकेत पिअर्स-अ‍ॅरो कंपनीनं 'टूरिंग लँडो' ही मोटार दाखवली. मागच्या सीटचा पलंग व्हायचा, शोफरच्या पाठीमागून घडीचं बेसिन उघडायचं. १९१५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या हंटिंग्टनमधले रोलंड कॉन्क्लिन यांनी त्याच्या कितीतरी पुढची मजल मारली. त्यांची स्वतःची बस बनवणारी कंपनी होती. त्यांनी पंचवीस फूट लांबीची, गच्चीवर बसायची सोय असलेली, तब्बल आठ टनांची बस बनवली आणि कुटुंबाला घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या दिशेनं निघाले. त्या काळी अमेरिकेतले बहुतेक रस्ते मातीचे होते आणि गावोगावचे लाकडी पूल घोडागाड्यांच्या हिशोबानं बांधलेले होते. घर जितकं सुखाचं, तितकी वाट अवघड.

सामान्य माणसानं वेगळा मार्ग काढला. फोर्डच्या स्वस्त मॉडेल टी गाडीमागे तो घरगुती ट्रेलर जोडू लागला. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा इथे अशा हौशी प्रवाशांची 'टिन कॅन टूरिस्ट्स' ही संघटना उभी राहिली. इथे आपला उलाळ पुन्हा हजर होतो. ट्रेलरच्या वजनाचा काही भाग पुढच्या गाडीच्या जोडावर टेकायलाच हवा. अमेरिकेत साधारण दहा ते पंधरा टक्के धरतात. मागे जास्त सामान भरलं तर जोडावरचा दाब कमी होतो आणि वेग वाढला की ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो आणि शेवटी शेपटीच कुत्र्याला फिरवते. वेग वाढवून तो सरळ करू पाहणं हा सर्वात वाईट उपाय. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंगशी झटापट करायची नाही आणि ट्रेलरला वेगळा ब्रेक असेल तर फक्त तो हलकेच लावायचा. बैलगाडी उलाळ झाली तर बैल थांबत. इथे थांबायची अक्कल चालवणाऱ्यालाच वापरावी लागते.

१९५४ साली हॉलिवूडनं यावर एक विनोदी चित्रपट काढला: 'द लाँग, लाँग ट्रेलर'. ल्युसिल बॉल आणि डेझी आर्नाझ हे नवविवाहित जोडपं ट्रेलर घेऊन निघतं. तिला जागोजागचे दगड आठवण म्हणून जमवायचा नाद. डोंगराच्या घाटात जायचंय, वजन कमी कर, असं नवरा सांगतो, आणि ती दगड टाकून देण्याऐवजी ट्रेलरमध्ये लपवते. घाटातला तो प्रसंग हसवतो खरा, पण त्यात या वाहनाचं सगळं दुखणं आलं आहे. घर म्हणजे वस्तू साठवण्याची जागा. गाडी म्हणजे वस्तू मागे ठेवून निघायचं साधन. दोन्ही एकाच चौकटीत बसवलं की घर जिंकतं आणि त्याची किंमत टायर आणि ब्रेक मोजतात.

१९६६ मध्ये आयोवातल्या फॉरेस्ट सिटी या छोट्या गावातून विनेबागो कंपनीनं मोटारहोम बाजारात आणली आणि पुढे हे वाहन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. तिथेच एक मूलभूत अडचण रुजली. बहुतेक मोटारहोम दोन हातांनी बनतात. एक कंपनी इंजिन, चाकं, ब्रेक यांची चॅसी बनवते आणि तिनं जास्तीत जास्त किती वजन पेलायचं ते ठरवून देते. दुसरी त्यावर घर चढवते. घर चढवणारा जितकी कपाटं, ओटे, टाक्या, एसी बसवेल तितकी ती मर्यादा आधीच खर्च होते, आणि उरलेली शिल्लक कुटुंबाच्या वाट्याला येते. जनरल मोटर्सनं १९७३ ते १९७८ या काळात चॅसी आणि घर यांचा एकत्र विचार करून मोटारहोम बनवून पाहिली. पुढच्या चाकांना जोर देणारं, सुरुवातीला साडेसात लिटरचं इंजिन, मागे एकामागोमाग चार चाकं, आरपार आस नसल्यानं खाली आलेली फरशी. आजही हौशी लोक त्या गाड्या जपतात. पण तेलसंकटाचा तो काळ होता आणि तो प्रयोग पाच-सहा वर्षांत संपला. दोन हातांची पद्धतच टिकली.

म्हणून मग कायद्याला मध्ये पडावं लागलं. २००८ पासून अमेरिकेतल्या नव्या मोटारहोमवर एक लेबल सक्तीचं झालं: माणसं आणि सामान मिळून अमुक किलोपेक्षा जास्त वजन नको. त्याच लेबलवर पाण्याची टाकी पूर्ण भरली तर किती किलो होतात तेही लिहिलेलं असतं.

मी हे लेबल पहिल्यांदा पाहिलं ते अ‍ॅरिझोनात, भाड्यानं घेतलेल्या मोटारहोमच्या दाराआड. गाडी ताब्यात देणाऱ्या माणसानं टीव्ही, छत्री, मायक्रोवेव्ह यांवर अर्धा तास खर्च केला. लेबलचा विषयही काढला नाही. आकडा होता ६१० किलो. मी तिथेच बसून हिशोब मांडला. आम्ही पाच माणसं, म्हणजे ३५० किलो. टाकी दीडशे लिटरची, म्हणजे १५०. पाच बॅगा वीस-वीस किलोच्या, म्हणजे १००. उरले दहा किलो. त्यात ताटवाट्या, पांघरुणं, खुर्च्या, आठवड्याचा किराणा आणि बायकोनं भारतातून आणलेला पाच किलोचा प्रेशर कुकर-तव्याचा संसार. मुलगा म्हणाला, "बाबा, एवढी मोठी गाडी आहे, दहा किलोनं काय होतंय?" त्याचा प्रश्न बरोबर होता, कारण डोळ्यांना तसंच दिसतं. गाडीत जागा भरपूर होती. संपलं होतं ते वजन. आम्ही टाकीत पन्नासच लिटर पाणी घेतलं आणि रोज मुक्कामाला पोचल्यावर हवं तेवढं भरलं.

दहा किलोनं लगेच काही होत नाही हे खरंच आहे. जास्त वजनाचा परिणाम हळूहळू साठत जातो. टायरची पेलण्याची ताकद त्यातल्या हवेवर अवलंबून असते. हवा कमी आणि भार जास्त असेल तर टायरच्या बाजू सतत वाकतात, तापतात आणि एखाद्या दुपारी हमरस्त्यावर फाटतात. मोटारहोमला आणखी एक रोग असतो: ती वर्षातले बहुतेक दिवस उभी असते. उन्हात उभ्या गाडीचं रबर न झिजताही म्हातारं होतं. नक्षी नवी दिसते, आत चिरा पडलेल्या असतात. टायरवर कोरलेल्या शेवटच्या चार आकड्यांत बनवल्याचा आठवडा आणि वर्ष असतं. २३१८ असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा. मोटारहोमचा टायर नक्षी पाहून नाही, वय पाहून बदलायचा असतो.

वजनाखेरीज दुसरी गोष्ट आगीची. १९२२ मध्ये स्टॉकहोममधल्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी एकही हलता भाग नसलेला फ्रिज शोधून काढला. तो छोट्याशा ज्योतीच्या उष्णतेवर थंडावा निर्माण करतो. वीज नसलेल्या जंगलात बर्फ मिळू लागला, पण त्यासाठी फिरत्या घरात एक ज्योत कायमची आली. म्हणून पेट्रोल भरायला जाण्याआधी ती विझवायची आणि गाडी समतल उभी करूनच फ्रिज चालवायचा, हे नियम आहेत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर पाण्यासारखा खाली साचतो; म्हणून त्याचा इशारा देणारं यंत्र जमिनीलगत आणि सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोकं. गॅसला आपण ओळखतो तो वासही मुळात त्याचा नाही. १९३७ मध्ये टेक्ससमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेत न कळता साठलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट होऊन सुमारे तीनशे जण गेले, त्यांत बहुतेक मुलं होती. त्यानंतर गॅसमध्ये वास मिसळण्याचे कायदे झाले. कार्बन मोनॉक्साइडला मात्र आजही वास नाही. खिडक्या बंद करून, जनरेटर चालू ठेवून झोपलेल्यांना तो जागं करत नाही. त्यासाठी वेगळा अलार्म लावावा लागतो.

हे सगळं आता आपल्या दाराशी आलंय. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनंही त्याच वर्षी आणलं. मोटार कॅरव्हॅनच्या मंजुरीसाठी एआयएस-१२४ हे भारतीय मानक आहे. पण मानकाच्या बाहेर, टेंपो ट्रॅव्हलर किंवा जुनी मिनीबस घेऊन एखाद्या सुताराकडून आतलं काम करून घेणारेही असतात. अठरा मिलिमीटर जाडीच्या आठ बाय चार फुटांच्या प्लायवुडच्या एका शीटचं वजन तीस-पस्तीस किलो असतं. दहा शीट लागल्या की पाच प्रवासी बसायच्या आधीच बसलेले असतात. एसी, बॅटऱ्या, इन्व्हर्टर आणि टपावर पाण्याची टाकी. टाकी टपावर गेली की वजनाचा मध्य वर जातो आणि घाटातल्या वळणावर गाडी कलते. उतारावर ब्रेक तापून निकामी होऊ नयेत म्हणून खालचा गिअर टाकून उतरायचं, हे ट्रकवाल्याला ठाऊक असतं. शनिवारी गाडी भाड्यानं घेणाऱ्याला ते कुणी सांगायचं? आणि पलंग आहे म्हणून चालत्या गाडीत आजीला त्यावर आडवं करायचं नाही, पट्टा असलेल्या सीटवरच बसवायचं, हे तर आपल्याकडे सांगितलं तरी पटत नाही.

ज्यांना हे घर सुट्टीपुरतं आहे त्यांना सामान कमी करता येतं. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत अनेक म्हातारी माणसं घरं गमावून व्हॅनमध्ये राहू लागली. जेसिका ब्रूडर यांनी त्यांच्यावर 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिलं, पुढे त्यावर चित्रपटही आला. ज्याचं एकमेव घर चाकांवर आहे, त्याला 'सामान कमी करा' सांगणं म्हणजे उरलंसुरलं आयुष्य कमी करा असं सांगणं. आपल्याकडे दर हंगामाला संसार गाडीवर लादून निघणाऱ्या ऊसतोड कुटुंबांना लेबल लावून काय सांगणार? सुरक्षिततेचे नियम निवड असलेल्यांसाठी लिहिले जातात, हेही या इतिहासात नोंदवलं पाहिजे.

पण ज्यांना निवड आहे, त्यांनी एक तरी गोष्ट करावी. आपल्या हमरस्त्यांवर ठिकठिकाणी ट्रकचे वजनकाटे आहेत. निघायच्या दिवशी माणसं, पाणी, गॅस, लोणच्याच्या बरण्यांसकट गाडी काट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाकं चढवून वजन घ्यावं, मग पूर्ण गाडीचं. दोन्हींच्या वजाबाकीतून मागच्या आसावरचा भार कळतो. ते आकडे गाडीच्या कागदांवरच्या मर्यादेशी ताडून पाहावेत. दहा मिनिटांचं काम आहे. काट्यावरचा माणूस जरा विचित्र नजरेनं पाहील, मग पावती फाडून देईल. जास्त भरलं तर ओरडेल असा बैल आता जुंपलेला नसल्यानं, ती पावतीच वाचावी लागेल.