स्पाइक मिलिगन: नगरमध्ये जन्मलेला कॉमेडियन आणि कॉमेडी पॉडकास्टची जुनी वाट

कॉमेडी पॉडकास्ट ऐकताना मध्येच दार आपटतं, कुणीतरी जिना उतरत धावतं, मग धप्प असा आवाज येतो आणि आपण बसमध्ये एकटेच हसत बसतो. समोर चित्र काहीच नसतं, तरी ते दिसतं. आवाजातून चित्र उभं करून हसवायची ही पद्धत १९५० च्या दशकात बीबीसी रेडिओवरच्या 'द गून शो'ने फार पुढे नेली. त्याचा मुख्य लेखक होता स्पाइक मिलिगन. जन्म १६ एप्रिल १९१८, गाव अहमदनगर. २०२४ मध्ये नाव अहिल्यानगर झालं, पण त्याच्याबद्दल इंटरनेटवर शोधायचं असेल तर जुनंच नाव टाका, जास्त सापडेल.

मिलिगनला पॉडकास्टर म्हणता येणार नाही, कारण तेव्हा तो शब्दच नव्हता. 'पॉडकास्टिंग' हा शब्द बेन हॅमर्सली या पत्रकाराने फेब्रुवारी २००४ मध्ये 'द गार्डियन'मधल्या लेखात सुचवला. त्याच्या दोन वर्षं आधी मिलिगन वारला होता. पण आज एखादा कॉमेडी पॉडकास्ट करणारा जे करतो, म्हणजे स्वतः लिहायचं, आवाज बदलून तीन-चार पात्रं स्वतःच करायची, साउंड इफेक्ट्ससाठी डोकं फोडायचं आणि दर आठवड्याला नवीन भाग द्यायचा, ते सगळं त्याने केलं. त्याची किंमतही मोजली.

नगर, पुणे, रंगून

खरं नाव टेरेन्स ॲलन मिलिगन. वडील लिओ मिलिगन आयरिश, ब्रिटिशांच्या फौजेत तोफखान्यात. आई फ्लॉरेन्स इंग्लिश. नगर हे तेव्हाही लष्कराचं गाव होतं आणि आजही आहे, रणगाड्यांचं म्युझियम बघायला गेलेल्यांना ते वेगळं सांगायला नको. फौजी बदल्यांमुळे कुटुंब पुण्याला गेलं, पुढे रंगूनला. म्हणजे नगर हे त्याचं जन्मगाव, पण आठवणीतलं बालपण जास्त करून पुण्याचं. 'आपल्या नगरचा' म्हणताना एवढं लक्षात असू द्या.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मिलिगन कुटुंब लंडनला आलं. पोरगा जॅझकडे वळला, ट्रम्पेट आणि गिटार वाजवायला लागला. 'स्पाइक' हे टोपणनाव अमेरिकन बँडवाला स्पाइक जोन्स याच्यावरून घेतलेलं. हा जोन्स गाण्यात मध्येच हॉर्न, घंटा, बंदुकीचे बार घुसवायचा. पुढे काय होणार याची झलक तिथेच होती म्हणा.

दुसऱ्या महायुद्धात मिलिगन वडिलांसारखाच तोफखान्यात गेला, उत्तर आफ्रिकेत आणि मग इटलीत लढला. जानेवारी १९४४ मध्ये इटलीत तोफगोळ्याच्या स्फोटात जखमी झाला. शरीराची जखम भरली, मनाची भरली नाही. युद्धातच त्याला हॅरी सीकम भेटला. युद्धानंतर लंडनमधल्या जिमी ग्राफ्टनच्या पबमध्ये पीटर सेलर्स आणि मायकल बेंटीन जोडले गेले. सेलर्स म्हणजे 'पिंक पँथर' सिनेमांमधला तोच इन्स्पेक्टर.

आवाज कसा बनायचा

या चौघांचा कार्यक्रम २८ मे १९५१ ला 'क्रेझी पीपल' या नावाने सुरू झाला. पुढच्या हंगामापासून तो 'द गून शो' झाला आणि २८ जानेवारी १९६० पर्यंत चालला. दहा हंगाम, दोनशेहून जास्त भाग, प्रत्येक भाग साधारण अर्ध्या तासाचा. बेंटीन दोन हंगामांनंतर बाहेर पडला.

आता इंजिनिअरला आवडेल असा भाग. तुमच्या फोनवरच्या एडिटिंग ॲपमध्ये आवाजाचे पाच-सहा ट्रॅक एकाखाली एक दिसतात. तिथे चुकलं तर 'अनडू' दाबायचं. गून शोच्या वेळी असं काही नव्हतं. रेकॉर्डिंग प्रेक्षकांसमोर व्हायचं. कलाकार माइकसमोर कागद घेऊन उभे, बाजूला एक माणूस दार, साखळ्या, नारळाच्या करवंट्या घेऊन प्रत्यक्ष आवाज काढणारा, आणि आत दुसरा माणूस ग्रामोफोनच्या तबकड्यांवरचे इफेक्ट्स नेमक्या क्षणी सोडणारा. वाक्य संपलं आणि स्फोट अर्धा सेकंद उशिरा आला की विनोद मेला.

काही इफेक्ट्स आधीच टेपवर तयार करून ठेवायचे. स्टुडिओतली टेप साधारणपणे सेकंदाला ३८ सेंटीमीटर या वेगाने धावायची, म्हणजे अर्ध्या तासाला जवळजवळ ६८५ मीटर टेप. कापाकापी ब्लेडने आणि जोडणी चिकटपट्टीने. टेप दुप्पट वेगाने चालवली की आवाज एक सप्तक वर जातो, उंदरासारखा होतो. अर्ध्या वेगाने राक्षसासारखा.

तुम्ही फोनवर १.५ एक्स लावता तेव्हा मात्र आवाज चिरका होत नाही. ॲप आवाजाचे काही मिलिसेकंदांचे तुकडे करतं आणि ते एकमेकांवर थोडे चढवून जोडतं. वेळ कमी होतो, पट्टी तीच राहते. पण कॉमेडीला ही सोय मारक आहे. शांत जागा आपोआप कापणारी सेटिंग चालू असेल तर विनोदाआधीचा थांबाच उडून जातो. पु.लं.चं कथाकथन १.५ एक्सवर ऐकून बघा, काय म्हणतोय ते लगेच कळेल.

मिलिगनच्या हट्टाचा एक किस्सा फार सांगितला जातो. मोज्यात कस्टर्ड भरून तो भिंतीवर आपटल्यावर येतो तसा आवाज त्याला हवा होता. तबकड्यांच्या संग्रहात तो कुठून असणार? मग बीबीसीच्या कँटीनमधून कस्टर्ड करून घेतलं, पठ्ठ्याने स्वतःच्याच मोज्यात भरलं आणि हाणलं भिंतीवर. पुढे १९५८ मध्ये बीबीसीने रेडिओफोनिक वर्कशॉप सुरू केलं. विजेच्या उपकरणांनी आणि टेपच्या करामतींनी नवे आवाज घडवणारी ही प्रयोगशाळा. तिच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं गून शोमधल्या मेजर ब्लडनॉकच्या पोटातला गडगडाट! याच वर्कशॉपने १९६३ मध्ये 'डॉक्टर हू'चं प्रसिद्ध शीर्षक संगीत बनवलं.

दर आठवड्याला एक भाग

एका हंगामात पंचवीस-तीस भाग असायचे. लॅरी स्टीफन्स, एरिक साइक्स असे सहलेखक होते, पण मुख्य भार मिलिगनवर. डिसेंबर १९५२ मध्ये तो कोसळला. मानसिक आजारामुळे त्याला हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं आणि तिसऱ्या हंगामातले बरेच भाग त्याच्याशिवाय झाले. हे झटके नंतरही अनेकदा आले. त्याला बायपोलर डिसऑर्डर होता. गून शोच्या लिखाणाने आपली तब्येत आणि संसार दोन्ही खाल्ले, असं तो म्हणायचा. युद्धाचा वाटाही त्यात नक्कीच होता.

'वेडा होता म्हणून एवढा भारी लिहायचा' असं काही जण कौतुकाने सांगतात. मला ते पटत नाही. आजारात लिखाण थांबायचं आणि बरा झाला की तो लिहायचा, एवढं तर तिसऱ्या हंगामावरूनच दिसतं. त्याने हे लपवलंही नाही. मानसोपचारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्यासोबत १९९३ मध्ये त्याने नैराश्यावर एक पुस्तक लिहिलं.

आज चॅनल चालवणाऱ्या पोरापोरींना तोच आठवड्याचा धाक आहे, फक्त निर्मात्याच्या जागी अल्गोरिदम आलाय. मिलिगनच्या मागे निदान बीबीसीची टीम होती, तो नसताना कार्यक्रम चालू राहिला. एकट्याच्या चॅनलला ती सोय नाही. झोप उडाली, काहीच नकोसं वाटायला लागलं तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे, मराठीतही बोलता येतं.

लालकाका आणि बॅनर्जी

गून शोमध्ये लालकाका आणि बॅनर्जी अशी दोन भारतीय पात्रं होती, सेलर्स आणि मिलिगन यांनी केलेली. लहानपणी कानावर पडलेली बोली मिलिगनने तिथे वापरली. काही जागा अजूनही हसवतात, काही ठिकाणी आपलीच टिंगल चाललीय हे जाणवतं. १९६९ च्या 'करी अँड चिप्स' या टीव्ही मालिकेत तर तो तोंडाला रंग फासून अर्धा पाकिस्तानी, अर्धा आयरिश माणूस झाला होता. वंशद्वेषाच्या तक्रारी आल्या आणि सहा भागांत ती बंद पडली. जन्मगाव आपलं आहे म्हणून हे झाकायची गरज नाही.

गंमत म्हणजे ब्रिटिश फौजेत लढलेल्या या माणसाचं ब्रिटिश नागरिकत्वच पुढे अडचणीत आलं. राजनिष्ठेची शपथ घ्यायला तो तयार नव्हता, म्हणून १९६० च्या दशकात त्याने वडिलांच्या देशाचा, आयर्लंडचा पासपोर्ट घेतला. त्यामुळेच २००१ मध्ये मिळालेली नाइटची पदवी 'मानद' होती. २७ फेब्रुवारी २००२ ला तो गेला. 'मी आजारी आहे असं सांगितलं होतं ना!' अशा अर्थाचं वाक्य त्याला थडग्यावर हवं होतं. चर्चने इंग्रजीत नको म्हटलं, मग ते आयरिश भाषेत कोरलं.

रेकॉर्डिंग वाचलं कसं

सुरुवातीच्या हंगामांतले बहुतेक भाग आज उपलब्ध नाहीत. एकदा प्रसारण झालं की काम झालं, अशीच तेव्हाची समजूत होती. नंतरचे बरेच भाग वाचले, त्याचं एक मोठं कारण म्हणजे बीबीसीची ट्रान्स्क्रिप्शन सर्व्हिस. हा विभाग कार्यक्रमांच्या तबकड्या काढून परदेशातल्या रेडिओ स्टेशनांना विकायचा. चौथ्या हंगामातल्या काही स्क्रिप्ट्स तर या विक्रीसाठी नंतर पुन्हा रेकॉर्ड केल्या गेल्या. थोडक्यात, प्रती जगभर पांगल्या म्हणून कार्यक्रम टिकला.

पॉडकास्टची आरएसएस फीड काहीशी अशीच पांगापांग करते. फीड म्हणजे साधी मजकुराची फाइल. त्यात प्रत्येक भागाचं नाव, तारीख आणि ऑडिओ फाइलचा पत्ता असतो, कोणतंही ॲप ती वाचून भाग उतरवून घेऊ शकतं. पण ऐकणाऱ्याकडे जाते ती दाबलेली प्रत. अर्ध्या तासाची एमपीथ्री १२८ केबीपीएसला साधारण २९ एमबी होते, तीच सीडी दर्जाची वेव्ह फाइल जवळजवळ ३१८ एमबी. मूळ वेव्ह फाइल फोनमधून उडवण्याआधी ती हार्ड डिस्कवर आणि क्लाउडवर अशी दोन ठिकाणी ठेवा. फक्त व्हिडिओ ॲपवर टाकलं आणि अकाउंट गेलं, तर विकत घेतलेली तबकडी कुठल्या ऑस्ट्रेलियन स्टेशनात सापडणार नाही.

ऐकायला सुरुवात करायची तर १९५५ चा 'नेपोलियन्स पियानो' हा भाग घ्या, किंवा १९७२ मध्ये बीबीसीच्या पन्नाशीसाठी केलेला 'द लास्ट गून शो ऑफ ऑल'. इंग्रजी जलद आहे, उच्चार मुद्दाम वेडेवाकडे आहेत, पहिली दहा मिनिटं डोक्यावरून जातील. वेग १ एक्सच ठेवा, शांत जागा कापणारी सेटिंग बंद करा. १९५० च्या दशकातलं रेकॉर्डिंग मोनो आहे, दोन्ही कानांत तोच आवाज येतो, त्यामुळे एक इअरबड शेजारच्या मित्राला दिला तरी दोघांचंही काही बुडत नाही.