कुंडलिकेकाठचे प्रार्थनामंदिर

गोदातीरी मंदिरे व घाट उदंड. परंतु आम्हा नाशिककर ख्रिस्तीजनांस तेथे आपले प्राचीन अवशेष गवसत नाहीत. येथील शरणपूरची वसाहत एकोणिसाव्या शतकातली, आणि तीही प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची. नदीकाठचे जुने कॅथलिक अवशेष पाहावयाचे, तर सह्याद्री उतरून रेवदंड्यास जावे लागते.

कुंडलिका जेथे समुद्राला मिळते, तेथे पोर्तुगीजांनी १५२१ नंतर कोट उभारला. त्याच्या आत आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, आणि वाड्यांमधून फ्रान्सिस्कन व डोमिनिकन मठांचे भग्नावशेष डोकावतात. फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा मनोरा गावकऱ्यांच्या तोंडी ‘सातखणी बुरूज’ झाला आहे. याच कोटात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावाचे एक लहानसे प्रार्थनामंदिर आहे. संतांनी येथे प्रवचन केले, असे परंपरा सांगते. युरोपीय गणनेने सोळावे शतक मध्ययुगात बसत नाही. आपल्या इतिहासकारांचे मध्ययुग मात्र पेशवाईअखेरपर्यंत चालते, तेव्हा या वास्तूला मध्ययुगीन म्हणण्यास आमची हरकत नाही.

१५७०-७१ साली मुर्तझा निजामशहाने या ठाण्याला महिनोन्‌महिने वेढा दिला. त्यातून ते तरले. पुढे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि १७४० च्या तहाने चौल-रेवदंडाही मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज अधिकारी व धर्मगुरू निघून गेले. ही मंदिरे तोफांनी पाडली असा सर्वसाधारण समज असतो. आमच्या मते त्यांना अधिक घातक ठरले ते भाविकांचे उठून जाणे. कौले शाकारणारा हात नाहीसा झाला की लाकूड कुजते, चुना सुटतो आणि भिंतीत पिंपळ रुजतो.

भाविक फार दूर गेले नाहीत. नदीच्या पलीकडे, कोर्लईच्या डोंगराखाली त्यांची वस्ती आहे. हे सुमारे हजार लोक घरात जी बोली बोलतात, तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज. परंतु क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. अभ्यासक तिला कोर्लई क्रिओल म्हणतात. तेथील चर्च माउंट कार्मेलच्या मातेचे आहे. मिस्सा आता मराठीत होते, शाळाही मराठीच. त्यामुळे ही बोली उरली आहे ती चुलीपाशी आणि अंगणात.

रेवदंड्याचे दगड पाहावयास जाणारे पुष्कळ आहेत. त्यांनी पूल ओलांडून कोर्लईसही जावे, आणि तेथील एखाद्या आजीबाईंकडून तिच्या बोलीतली एक प्रार्थना ऐकून घ्यावी.