अंध इंजिनिअरचा क्रूझ कंट्रोल आणि रस्त्यात उभा ट्रक

हल्ली नवी गाडी घेतलेला कुणी भेटला की पेढ्याबरोबर हे ऐकायला मिळतंच, "आपली गाडी पुढच्यापासून आपोआप अंतर ठेवते!" हाच तो ॲडाप्टिव्ह क्रूझ कंट्रोल. त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यातला शेवटचा मुद्दा थेट आपल्या जिवाशी आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातली. राल्फ टीटर हे इंजिनिअर लहानपणीच दृष्टी गमावलेले. त्यांचे वकील गाडी चालवता चालवता बोलायला लागले की वेग कमी व्हायचा, ऐकायला लागले की वाढायचा. शेजारी बसलेल्या टीटर यांना ते हिसके सोसेनात. त्यातून वेग एकसारखा ठेवणाऱ्या यंत्राची कल्पना आली, असं सांगतात. १९५० मध्ये त्यांना पेटंट मिळालं आणि १९५८ मध्ये क्रायसलरच्या इम्पीरियल गाडीत हे यंत्र बसलं.

पण ते फक्त वेग धरून ठेवायचं. पुढे कोण आहे, हे त्याला कळत नव्हतं. १९९५ मध्ये जपानच्या मित्सुबिशीने डायमंटे गाडीत लेसर लावला. ती अंतर मोजून ॲक्सिलरेटर सोडायची, गिअर उतरवायची, पण ब्रेक मारत नव्हती. १९९९ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये रडार आलं आणि गाडी स्वतः ब्रेकही लावू लागली.

काम सोपं आहे. रडारच्या लहरी पुढच्या गाडीवर आपटून परत येतात. त्यावरून अंतर कळतं आणि तिचा वेगही. आपण ठरवलेलं अंतर, समजा दोन सेकंदांचं, गाडी राखत जाते.

खरी मेख पुढे आहे. रस्त्याकडेचे खांब, पाट्या, पूल रडारला सगळे 'स्थिर' दिसतात. प्रत्येकासाठी ब्रेक लागला तर गाडी चालणारच नाही. म्हणून या यंत्रणा मुख्यतः चालत्या वाहनामागे जाण्यासाठी बनल्या आणि स्थिर वस्तूंकडे दुर्लक्ष करायला शिकल्या. आता कॅमेरे जोडीला आलेत, सुधारणाही झाली. तरी वेगात असताना पुढे उभं असलेलं वाहन ओळखलं जाईलच असं नाही, असा इशारा कंपन्याच मॅन्युअलमध्ये देतात.

आता आपला रस्ता बघा. समृद्धीवर कारला ताशी १२० किमीची मर्यादा, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. मोबाईलकडे दोन सेकंद बघितलं की ६६ मीटर गेले. पुढे बंद पडलेला ट्रक असेल तर? आणि आपल्या तालुक्याच्या रस्त्यावर, ऐन गाळप हंगामात, टेललाईट नसलेली उसाची ट्रॉली उभी असेल तर?

बोलताना चालकाचं लक्ष उडतं, म्हणून हे यंत्र जन्माला आलं. त्याच्या भरवशावर आपण लक्षच काढून घ्यायचं, हे उफराटं झालं. कारखान्यांनी आणि आरटीओने ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावून घ्यावेत, ही मागणी आहेच. पण नवी गाडी घेतलेल्यांनो, मॅन्युअलमधलं ते पान आज रात्रीच वाचा. आणि गाडी घरात दुसरं कुणी चालवत असेल, तर त्यालाही वाचायला लावा.