एकधारी पात्याचा प्रवास

बारामतीहून इंदापूरकडे निघालं, की काटेवाडी, भवानीनगर, निमगाव केतकी अशा प्रत्येक गावाच्या चौकात एखादं तरी सलून दिसतं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, की कारागीर दुधारी ब्लेडची पुडी घेतो, कागदासकट उभी दुमडतो आणि कट्‌कन मोडतो. ब्लेडचे दोन लांबट तुकडे होतात, प्रत्येकाला एकच धार. एक तुकडा वस्तऱ्याच्या खाचेत बसतो, दुसरा पुढच्या गिऱ्हाइकासाठी बाजूला राहतो. इतकं सरावाचं झालेलं हे काम मला फार मोलाचं वाटतं. माणसाला न्हाव्याकडे जावंच लागू नये, म्हणून अमेरिकेत दुधारी ब्लेड निघालं. आमच्याकडे न्हाव्यानेच ते मधोमध मोडलं आणि आपल्या हाताला हवी तशी एकच धार करून घेतली.

ती एक धार मुळात त्याचीच होती. गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांपैकी न्हावी एक. त्याच्या धोकटीत वस्तरा, सहाण, चामड्याचा पट्टा, कातर, नराणी, वाटी आणि आरसा असायचा. मजुरी रोख नसे. सुगीला खळ्यावर धान्य मिळे. वस्तरा पाठीला जाड आणि धारेकडे निमुळता. त्या जाड पाठीतच सगळी हुशारी आहे. पाठ आणि धार दोन्ही सहाणेवर टेकवून वस्तरा फिरवला, की धारेचा कोन आपोआप तोच राहतो. चेहऱ्यावर मात्र असा कसलाच आधार नाही. किती कलवायचा, किती दाबायचा, कातडी कुठे ताणायची, हे सारं बोटांनी ठरवायचं. इंग्रजी अमलात शेफिल्ड आणि झोलिंगेनच्या पोलादाचे वस्तरे आले. पोलाद बदललं, पण बोटांचं काम होतं तेवढंच राहिलं.

या वस्तऱ्याचा इतिहास दाढीपुरता नाही. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं. त्यामागे महात्मा फुल्यांची सत्यशोधक चळवळ होती. ज्यांच्या हातून ती रूढी चालत होती त्यांनीच हत्यार खाली ठेवलं. महाराष्ट्रातल्या सुधारणांच्या इतिहासात या निर्णयाला याहून कितीतरी मोठी जागा मिळायला हवी होती. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गावातला हाच वस्तरा अस्पृश्य मानलेल्यांच्या गालाला लागत नसे. ती रीत न्हाव्याने एकट्याने घातलेली नव्हती. ती मोडली तर गाव त्याचंही बलुतं बंद करी. पण ज्याला दार बंद होतं त्याला त्याने काय फरक पडणार? आपली दाढी आपल्या हाताने करता येणं ही गोष्ट सगळ्यांना सारख्या अर्थाची नव्हती, हे पुढची हकिकत वाचताना ध्यानात ठेवावं लागतं.

हाताचं कसब यंत्रात बसवायचा प्रयत्न युरोपात अठराव्या शतकात सुरू झाला. जाँ-जाक पेरे या फ्रेंच कारागिराने वस्तऱ्याला लाकडी आवरण घालून धारेचा थोडाच भाग उघडा ठेवला. 1847 मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम हेन्सनने पातं दांड्याला आडवं बसवायचं पेटंट घेतलं. वाफेवर उडणाऱ्या विमानाचे आराखडे काढणारा हेन्सन तो हाच. त्याने आपल्या पेटंटात या आकाराला शेतातल्या कुदळीची उपमा दिली आहे, आणि आजही रेझर हातात घेतला की ती पटते. 1880 मध्ये न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी 'स्टार' रेझरचं पेटंट मिळवलं. त्यात वस्तऱ्याचाच एक आखूड तुकडा चौकटीत बसे आणि धारेपुढे दात्यांची आड येई. धार एकच आणि पातं जाड, त्यामुळे ते नेहमी पट्ट्यावर फिरवावं लागे. गाल कापण्याची भीती कमी झाली, तरी धार राखण्याचं काम मालकाच्या गळ्यात राहिलंच.

ते काम किंग कॅम्प जिलेटने काढून टाकलं. कागदासारखं पातळ पातं घ्यायचं, त्याला दोन्ही बाजूंनी धार द्यायची आणि बोथट झालं की फेकून द्यायचं, ही कल्पना त्याला 1895 मध्ये सुचली. इतकं पातळ पोलाद कडक करण्याची रीत विल्यम निकर्सन या अभियंत्याने बसवली. 1903 मध्ये पहिल्या विक्रीत 51 रेझर आणि 168 ब्लेड खपली, आणि पेटंट 1904 मध्ये मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने आपल्या सैनिकांसाठी लाखोंनी रेझर घेतले. दुधारी ब्लेड जगभर पोचलं ते तेव्हापासून.

एकधारी पातं मात्र संपलं नाही. अमेरिकेत 'एव्हर-रेडी' आणि 'जेम' यांनी ते चालू ठेवलं. आता तेही फेकायचंच होतं, पण जाडीला साधारण 0.23 मिलिमीटर, म्हणजे दुधारी ब्लेडच्या दुप्पट, आणि पाठीवर धातूची पट्टी असलेलं. 1930 च्या दशकात आलेल्या 'जेम मायक्रोमॅटिक'ची मूठ बुडाशी पिळली, की वरचं झाकण उघडतं. पातं सरकवायचं, मूठ उलट पिळायची, झालं. इंग्लंडमध्ये 1927 पासून निघालेल्या 'रोल्स रेझर'ची वाट वेगळी होती. त्याची धातूची चपटी डबी असे. एका झाकणात सहाण, दुसऱ्यात चामडं, मध्ये एकच जाड पातं. दांडा पुढेमागे केला, की पातं प्रत्येक फेरीला कूस बदलत खटखट आवाज करत धार घेई. न्हाव्याची अर्धी धोकटीच इंग्रजांनी खिशात बसवली होती. पुढे ही कंपनी जॉन ब्लूम या उद्योजकाच्या हाती गेली, धुलाई यंत्रं विकू लागली आणि 1964 मध्ये बुडाली.

बारामती-इंदापूरच्या माळावर रोजची दाढी ही सवय आपोआप आली नाही. शेतकरी आठवड्याने वस्तऱ्याखाली बसे. सोमवार, एकादशी, अमावस्या टाळायची ती वेगळीच. रोज गुळगुळीत गाल लागतो तो शिस्तीच्या जागी. अशी एक जागा लष्कर, जिथे दाढी हा हजेरीइतकाच नेमाचा भाग. 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. गावात ज्यांना वस्तरा नाकारला होता, त्यांच्यापैकी कित्येकांना फौजेत स्वतःचा रेझर मिळाला. रेझरच्या सगळ्या प्रवासात मला हा टप्पा सर्वांत मोठा वाटतो. दुसरी जागा म्हणजे कारखाना. नीरेच्या डाव्या कालव्यामुळे ऊस आला, उसामुळे कारखाने आले. 1930 च्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंदनगर वसलं, भोंग्यावर चालणारं, वसाहत आणि कचेऱ्या असलेलं गाव. पुढे सहकारी साखर कारखाने निघाले, शाळा-महाविद्यालयं आली, बँका आल्या. नोकरदार माणूस सकाळी खिडकीला आरसा टांगून स्वतः दाढी करू लागला.

त्याच्या हाती पडली ती ब्लेड पुढेपुढे देशीच होती. मल्होत्रा कुटुंबाने कोलकात्यात 'टोपाझ', तर ठाण्यात विद्युत मेटॅलिक्समधून 'सुपरमॅक्स' देशभर नेलं. किराणा दुकानात ब्लेड सुटं मिळू लागलं. ते पेन्सिलीला लागे, उसवायला लागे, नखांनाही लागे. 'जेम'ची जाड पाती आमच्या बाजारात कधी रुजली नाहीत. जुन्या घरांत एकधारी रेझर सापडतो तो बहुधा ब्लेडविना, म्हणूनच.

सलूनमध्ये अजून सहाणेवरचा वस्तराच होता. एकाच्या गालावरून तो दुसऱ्याच्या गालावर जाई. 1986 मध्ये भारतात एचआयव्हीचा पहिला संसर्ग उघड झाला. 1992 मध्ये पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. न्हाव्याकडे नव्या ब्लेडचा आग्रह धरा, हा प्रचार भिंतींवरून आणि आकाशवाणीवरून खेड्यापाड्यांत पोचला. कारागिरांनी त्यावर काढलेला उपाय स्वस्त आणि नेमका होता. वस्तऱ्याचा आकार तोच ठेवायचा, धारेच्या जागी मोडलेलं अर्धं पातं घालायचं आणि दाढी झाली की फेकायचं. पिढ्यान्‌पिढ्या सहाणेवर बसलेला हात त्यांनी नव्या हत्याराला जुळवून घेतला. त्याबद्दल कुणी त्यांचे आभार मानल्याचं माझ्या वाचनात नाही. आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करत जाते, तेव्हा नाभिक मंडळी वारकऱ्यांची दाढी-कटिंग मोफत करतात. रांगेतल्या प्रत्येक म्हाताऱ्यासाठी कोरं अर्धं पातं निघतं. न्हावी संत सेना महाराजांच्या परंपरेतली ही सेवा आहे आणि ती पाहण्यासारखी आहे.

2010 मध्ये जिलेट कंपनीने खास भारतासाठी 'गार्ड' काढला. तेव्हा रेझर 15 रुपये, पातं 5 रुपये, आणि धार एकच. जगभर तीन आणि पाच पात्यांची चढाओढ चालू असताना भारतापुरतं तीही कंपनी एका धारेवर परत आली.

मी रोजची दाढी जुन्या 'जेम'ने करतो ते या सगळ्यासाठी. त्याचं डोकं चपटं असतं. ते गालावर सपाट टेकवलं, की हवा तो कोन मिळतो. मूठ आपल्याकडे ओढली तर पातं खरवडू लागतं. जाड पातं थरथरत नाही. खुंट कापले जाताना खर्र असा आवाज येतो, आणि तो बदलला की कोन चुकला हे हाताआधी कानाला कळतं. गरम पाणी, ब्रशने फेटलेला साबण, आधी केसांच्या वाढीच्या दिशेने हात, मग आडवा, शेवटी तुरटी. वस्तऱ्याच्या कसबातला थोडासाच अंश यात लागतो, पण तेवढा लागतोच.

कुणाला असा रेझर घ्यावासा वाटला, तर पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी शोधावा. दांडा चकचकीत आहे का, हे शेवटी पाहावं. आधी झाकण उघडून दोन्ही कोपऱ्यांतले पातं अडवणारे बारीक कोंब तपासावेत. एक झिजलेला असला तर पातं तिरकं बसतं आणि गाल सोलतं. मळ साबणाच्या कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने काढावा. चिंच किंवा लिंबू लावलं तर मुलामा जातो. रंग खरवडण्यासाठी तशाच आकाराची पाती मिळतात, ती चेहऱ्याला लावू नयेत; दाढीची निराळी येतात आणि बहुधा परदेशातून मागवावी लागतात. आणि पहिल्यांदा गालाला लावण्याआधी आपल्या गावात सहाणेवर वस्तरा लावलेला एखादा वयस्क कारागीर असेल, तर त्यांच्याकडे जाऊन कातडी कशी ताणायची ते शिकून घ्यावं. ते शिकवायला आता फार थोडे लोक उरले आहेत.