अक्षय्यतेची जाण

अक्षय्यतेची जाण : एखाद्या वस्तूची मांडणी, आकार किंवा भांडे बदलले, तरी तिच्यात भर घातल्याशिवाय वा तिच्यातून काढून घेतल्याशिवाय तिचे प्रमाण बदलत नाही, ही समज. मोठ्यांना ही गोष्ट इतकी उघड वाटते, की ती आपल्यालाही कधी काळी कळत नव्हती हे पटत नाही. स्विस अभ्यासक झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी मुलांच्या विचारांच्या विकासाचा जो आराखडा मांडला, त्यात या जाणिवेला मध्यवर्ती स्थान आहे.

पियाजे मूळचे जीवशास्त्राचे. पॅरिसमध्ये मुलांसाठीच्या बुद्धिचाचण्यांचे काम करताना बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांनी त्यांचे लक्ष वेधले. एका वयाची मुले साधारण एकाच प्रकारे चुकत होती. १९२१ मध्ये ते जिनीव्हाच्या रूसो इन्स्टिट्यूटमध्ये गेले. मुलाशी गप्पा मारत, त्याच्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढत जायचे, ही पद्धत त्यांनी तिथे रुळवली.

सर्वांत प्रसिद्ध प्रयोग पाण्याचा. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी असते आणि मूलही तसे कबूल करते. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातले पाणी उंच, अरुंद पेल्यात ओततात आणि ‘आता कशात जास्त?’ असे विचारतात. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा उंच पेल्याकडे बोट दाखवते. थेंबही सांडलेला नाही, हे त्याने पाहिलेले असते. पण पाणी ‘वर आले’ आहे ना! पेला अरुंद झाला, ही दुसरी बाजू त्याच वेळी त्याच्या हिशेबात येत नाही. मातीचा गोळा वळून लांब केला, किंवा मण्यांच्या दोन सारख्या ओळींपैकी एक ओळ पसरून ठेवली, तरी असेच घडते. आणखी पोळी हवी म्हणून अडून बसलेल्या मुलाच्या ताटातल्या अर्ध्या पोळीचे दोन चतकोर केले की ते पुष्कळदा गप्प होते, ते याचमुळे.

जाण आल्यावर मूल कारणे देऊ लागते : ‘तेच तर पाणी आहे’, ‘हा उंच आहे पण बारीक आहे’, ‘परत ओतलं तर तेवढंच होईल’. पियाजेंच्या मते तिसरे कारण कळीचे. झालेली कृती मनातल्या मनात उलट फिरवता येणे म्हणजेच मूर्त क्रियांच्या अवस्थेत पाऊल टाकणे. मात्र ही समज एका दमात येत नाही. संख्या आणि द्रव यांच्या बाबतीत ती साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास दिसते, वजनाच्या बाबतीत नऊ-दहाच्या, तर आकारमानाच्या बाबतीत त्याहूनही उशिरा. मातीचा गोळा चपटा केल्यावर माती तेवढीच आहे असे सांगणारे मूल लगेच पुढे तो हलका झाला असेही म्हणू शकते. असे टप्पे का पडावेत, याचे पियाजेंचे स्पष्टीकरण फारसे समाधानकारक नाही.

आक्षेप मुख्यतः प्रश्नावर आहे. मोठ्या माणसाने मुद्दाम काही बदल करून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की उत्तर बदलायला हवे असे मुलाला वाटणे स्वाभाविक आहे. जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७४ मध्ये ओळ विस्कटण्याचे काम खोडकर टेडी अस्वलाकडे सोपवले. बदल ‘चुकून’ घडला, तेव्हा चार ते सहा वर्षांच्या कितीतरी अधिक मुलांनी संख्या तेवढीच असल्याचे सांगितले. अस्वलाच्या गमतीत मुलांचे बदलाकडे लक्षच राहिले नसावे, अशी शंका पुढे घेतली गेली, आणि ती गैरलागू नाही.

अनुभवाचाही वाटा असतो. मेक्सिकोतील कुंभारांची मुले मातीच्या प्रयोगात इतर मुलांपेक्षा सरस ठरल्याचे १९६९ मध्ये आढळले. पॅट्रिशिया ग्रीनफील्ड यांना सेनेगलमधील शाळेत न गेलेल्या वोलोफ मुलांत वेगळेच दिसले. प्रयोगकर्त्याने पाणी ओतले, तर त्याच्या हातच्या करामतीने पाणी बदलले असे काही मुले मानत. तेच पाणी स्वतः ओतल्यावर मात्र त्यांची उत्तरे पुष्कळ सुधारली.

ही जाण शिकवून लवकर आणता येईल का, या प्रश्नाला पियाजे ‘अमेरिकी प्रश्न’ म्हणत. अमेरिकेतच रॉशेल गेलमन यांनी १९६९ मध्ये पाच वर्षांच्या मुलांना, लांबी सोडून संख्येकडे बघण्याचा सराव देऊन यश मिळवले. पण नॉर्वेचे यान स्मेड्सलुंड यांनी त्याआधीच, १९६१ मध्ये, एक लबाडी करून पाहिली होती. त्यांनी गोळ्यातली थोडी माती गुपचूप काढून घेतली आणि वजन खरेच कमी भरल्याचे मुलांना दाखवले. तालमीने शिकलेल्या मुलांनी शिकलेले सोडून दिले. आपसूक जाण आलेल्यांपैकी सुमारे निम्मी मात्र हटली नाहीत; माती कुठे तरी पडली असेल, नाही तर तुम्हीच काढून घेतली असेल, असे ती म्हणाली.