काउबॉयचे गाव : इतिहास आणि देखावा

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील कोडी हे लहानसे गाव यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्वद्वाराकडे जाणाऱ्या मार्गावर वसलेले आहे. उन्हाळ्यात येथे येणाऱ्या प्रवाशास १९०२ सालच्या 'इर्मा' हॉटेलजवळ लुटुपुटीच्या गोळीबाराचे प्रयोग पाहावयास मिळतात. सायंकाळी उधळ्या घोड्यांवर व बैलांवर स्वार होण्याच्या रोडिओ स्पर्धा भरतात. त्यांची परंपरा १९३८ पासूनची आहे. काउबॉयांच्या एखाद्या जुन्या वसाहतीचे येथे जतन झाले आहे, असा प्रवाशाचा सहजच समज होतो. हा समज कालक्रमाच्या कसोटीस कितपत उतरतो, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

टेक्सासमधून उत्तरेकडील रेल्वेस्थानकांपर्यंत गुरांचे कळप हाकीत नेण्याचा धंदा यादवी युद्धानंतर, १८६६ च्या सुमारास भरभराटीस आला. काउबॉय हा या धंद्यातील पगारी मजूर. त्यांत मेक्सिकन व कृष्णवर्णीयही पुष्कळ होते. काटेरी तारांची कुंपणे, रेल्वेचा विस्तार आणि १८८६-८७ चा भीषण हिवाळा यांमुळे मोकळ्या कुरणांचे हे युग सुमारे वीस वर्षांतच मावळले. कोडी गावाची स्थापना मात्र १८९६ ची. या परिसरात त्यापूर्वीही गुरांचे रँच होते हे खरे. परंतु संस्थापकांपैकी प्रमुख विल्यम कोडी ऊर्फ बफेलो बिल याने काउबॉयला रंगभूषा चढविणारा आपला 'वाइल्ड वेस्ट' खेळ १८८३ सालीच सुरू केला होता. म्हणजे खेळ आधी आणि गाव मागाहून, असा हा उलटा क्रम आहे.

गाव वसविण्यामागील खरी प्रेरणा गुरे नव्हे, तर पाणी ही होती. १८९४ च्या केरी कायद्याचा लाभ घेऊन शोशोनी नदीच्या कालव्यांनी कोरडी जमीन लागवडीस आणावयाची, असा हा बेत होता. १९०१ मध्ये रेल्वे आली. तथापि खाजगी भांडवल अपुरे पडले, आणि अखेर मध्यवर्ती सरकारने १९१० साली ३२५ फूट उंचीचे धरण पूर्ण केले. त्या वेळी ते जगातील सर्वांत उंच धरण होते. १९४६ मध्ये त्यासही बफेलो बिलाचेच नाव देण्यात आले! जलसिंचनाच्या इतिहासावरही अशा रीतीने देखाव्याची छाया पडली.

गावाजवळच्या 'ओल्ड ट्रेल टाउन' येथील लाकडी घरे अस्सल आहेत, १८७९ ते १९०१ या काळातील आहेत. परंतु ती ठिकठिकाणांहून आणून येथे मांडलेली आहेत. प्रत्येक वस्तू खरी, पण त्यांचे शेजारपण रचलेले, हा भेद अभ्यासकाने विसरता कामा नये.

याच परिसरात, कोडी आणि पॉवेल यांच्या दरम्यान, हार्ट माउंटन ही छावणी होती. १९४२ ते १९४५ या काळात जपानी वंशाच्या दहा हजारांहून अधिक लोकांना एकाच वेळी तेथे स्थानबद्ध करून ठेवण्यात आले होते; त्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. तेथील संग्रहालय मात्र २०११ साली उघडले. ज्या प्रदेशाने मोकळेपणाचे प्रतीक म्हणून काउबॉय जगापुढे मांडला, त्याच प्रदेशात काटेरी कुंपणाने माणसेही कोंडली होती.

तात्पर्य, कोडीचा देखावा खोटा म्हणून टाकून देणे योग्य नव्हे. तो देखावाही आता शतकाहून जुना, म्हणूनच स्वतः इतिहासाचा विषय झाला आहे. मात्र गाव काय दाखविते, याबरोबरच ते काय उशिरा दाखविते, याचीही नोंद इतिहासकाराने ठेविली पाहिजे.